हान्स बर्गर : मेंदूची रेघ आणि पाच वर्षांचा संशय

जरा डोळे मिटा पाहू. (लगेच उघडा, नाहीतर पुढचं वाचणार कसं!) डोळे मिटून शांत बसलं की बहुतेक सगळ्यांच्या डोक्याच्या मागच्या भागात एक छोटीशी विद्युत लहर सुरू होते. सेकंदाला साधारण दहा वेळा ती वरखाली होते आणि डोळे उघडले की विरून जाते. टॉपरच्या डोक्यातही हेच होतं आणि चार विषय बॅक असलेल्याच्या डोक्यातही. या लहरीला अल्फा म्हणतात. माणसाच्या मेंदूतली ही लहर सर्वात आधी कागदावर उतरवली ती हान्स बर्गर नावाच्या एका जर्मन मानसोपचारतज्ज्ञाने. इंजिनिअरिंगचं शिक्षण नाही, लॅबमध्ये हाताशी धड असिस्टंट नाही, आणि वय पन्नाशी ओलांडलेलं.

आमच्या ग्रुपचा मिनी प्रोजेक्ट ईईजी अँप्लिफायरचा होता. सरांनी सर्किट बनवायच्या आधी आम्हाला एका हॉस्पिटलच्या ईईजी रूममध्ये चार दिवस नुसतं बघायला बसवलं. तिथे कळलं की सर्किट हा सगळ्यात सोपा भाग आहे. खरं कौशल्य वेगळंच आहे, आणि ते कौशल्य जगात ज्याला कोणी शिकवायलाच नव्हतं अशा माणसाबद्दल मी मग वाचत गेले.

बर्गरचा जन्म २१ मे १८७३ चा, कोबर्ग शहराजवळच्या नॉयझेस गावातला. वडील डॉक्टर होते. आईचे वडील म्हणजे फ्रीडरिश रुकर्ट, जर्मनीतले नावाजलेले कवी आणि पौर्वात्य भाषांचे पंडित. मुलाला मात्र ना औषधात रस होता ना कवितेत. त्याला खगोलशास्त्रज्ञ व्हायचं होतं, म्हणून तो येना विद्यापीठात गणित शिकायला गेला. थोड्याच दिवसांत ते सोडून एक वर्षासाठी घोडदळात भरती झाला. (ब्रँच बदलणारे तेव्हाही होते तर!)

घोडदळातल्या त्या वर्षात एका सकाळी सरावाच्या वेळी त्याचा घोडा उधळला आणि बर्गर तोफगाड्याच्या चाकापुढे फेकला गेला. गाडा ऐनवेळी थांबला म्हणून वाचला. त्याच दिवशी संध्याकाळी वडिलांची तार आली, तू बरा आहेस ना म्हणून. त्याआधी वडिलांनी त्याला कधी तार केली नव्हती. झालं असं होतं की घरी त्याच्या बहिणीला अचानक वाटलं, हान्सचं काहीतरी वाईट झालंय, आणि तिने वडिलांच्या मागे लागून तार करायला लावली.

आपल्याकडे आजी म्हणाली असती, रक्ताचं नातं ते. बर्गर मात्र तिथे थांबला नाही. त्याची खात्री झाली की भीतीच्या त्या क्षणी त्याच्या मेंदूतून काहीतरी बाहेर पडलं आणि बहिणीपर्यंत पोचलं. तसं असेल तर ते मोजता आलं पाहिजे. खगोलशास्त्र सुटलं ते सुटलंच. तो मेडिकलला गेला, १८९७ मध्ये डॉक्टर झाला आणि येनाच्या मानसोपचार क्लिनिकमध्ये ऑटो बिन्स्वांगर यांच्या हाताखाली लागला. पुढे सगळा जन्म त्याच क्लिनिकमध्ये गेला.

आता आपल्या भाषेत सांगायचं तर बर्गरला मेंदूचा एनर्जी बॅलन्स मांडायचा होता. रक्तातून रासायनिक ऊर्जा आत जाते, तिच्यातली काही उष्णता होते, काही वीज होते आणि उरलेली मानसिक ऊर्जा, म्हणजे विचार आणि भावना. पहिल्या सगळ्या गोष्टी मोजल्या की वजाबाकी करून शेवटची मिळेल! कल्पना भन्नाट, पण आज कोणी मानत नाही. या चुकीच्या समीकरणाच्या मागे लागूनच तो खऱ्या शोधापर्यंत पोचला हे मला फार गमतीचं वाटतं.

आधी त्याने कवटीला भोक पडलेल्या रुग्णांमध्ये मेंदूचा रक्तप्रवाह मोजला आणि त्यावर १९०१ मध्ये लिहिलं. मग मेंदूचं तापमान मोजलं, त्यावर १९१० मध्ये लिहिलं. दोन्हींतून समाधानकारक काही निघालं नाही. मधल्या काळात कुत्र्यांच्या मेंदूतली वीज पकडायचा प्रयत्न १९०२ पासून अधूनमधून चालू होता. प्राण्यांच्या मेंदूत वीज असते हे नवीन नव्हतं. लिव्हरपूलच्या रिचर्ड केटनने १८७५ मध्ये सशांच्या आणि माकडांच्या उघड्या मेंदूवर ती पाहिली होती, पुढे पोलंडच्या अडोल्फ बेकनेही पाहिली. पण बर्गरच्या हाती फारसं काही येईना. मग पहिलं महायुद्ध आलं आणि तो आघाडीवर सैन्याचा मानसोपचारतज्ज्ञ म्हणून गेला. परत आल्यावर १९१९ मध्ये बिन्स्वांगरच्या जागी क्लिनिकचा प्रमुख झाला, आणि १९२७ मध्ये तर विद्यापीठाचा रेक्टर.

बाहेरून पाहिलं तर हा माणूस शिस्तीचा, अबोल, घड्याळावर चालणारा बॉस. क्लिनिकचं काम संपलं की तो आवारातल्या एका छोट्या इमारतीत जायचा आणि तिथे काय करतो हे फार थोड्यांना माहीत होतं. हाताखालच्या डॉक्टरांनाही त्याने याचा पत्ता लागू दिला नाही.

६ जुलै १९२४ ला सतरा वर्षांच्या एका मुलावर सर्जन निकोलाय गुलेके यांनी मेंदूचं ऑपरेशन केलं. त्या मुलाच्या कवटीत आधीच्या शस्त्रक्रियेमुळे मोकळी जागा होती. बर्गरने तिथे इलेक्ट्रोड लावले आणि गॅल्व्हानोमीटरची तार हलली. अगदी बारीक हलली. माणसाच्या मेंदूची पहिली विद्युत नोंद म्हणून आज हाच दिवस सांगितला जातो आणि २०२४ मध्ये जगभर त्याची शताब्दी झाली.

पण बर्गरने ते जाहीर केलं १९२९ मध्ये. मधली पाच वर्षं तो काय करत होता? मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला वाटलं, घाबरट असेल. ईईजी रूममध्ये बसल्यावर माझं मत बदललं.

आधी आकडे बघा. टाळूवर मिळणारी मेंदूची वीज साधारण पन्नास मायक्रोव्होल्ट. टीव्हीच्या रिमोटमधला पेन्सिल सेल दीड व्होल्टचा, म्हणजे त्याच्या तीस हजाराव्या भागाइतकी. हृदयाची वीज हिच्या कितीतरी पट मोठी. डोळ्याची पापणी लवली तरी हिच्यापेक्षा मोठा उंचवटा येतो. दातावर दात आवळले तर कपाळाच्या बाजूचे स्नायू असा गोंधळ घालतात की पान काळं होतं. घाम आला की रेघ सावकाश वाहत जाते. शिवाय आपला सगळ्यांचा जुना मित्र पन्नास हर्ट्झ आहेच. सीआरओच्या प्रोबला बोट लावलं की जी सुंदर साइन वेव्ह येते ना, तीच इथे ट्यूबलाइटमधून, पंख्यातून, कोणाच्यातरी मोबाइल चार्जरमधून येऊन बसते. या सगळ्याला आर्टिफॅक्ट म्हणतात. तिथल्या टेक्निशियन ताई त्याला सरळ 'कचरा' म्हणतात.

म्हणजे ईईजी काढायला शिकणं म्हणजे नव्वद टक्के कचरा ओळखायला शिकणं. ताईंचं काम बघताना हे पटत जातं. पेशंटला आदल्या दिवशीच सांगितलेलं असतं, केस शांपूने धुवा, तेल लावू नका. आपल्याकडे खोबरेल चोपडून आलेला पेशंट रोज एक तरी असतोच आणि तेल म्हणजे इन्सुलेटर! मग टेप घेऊन मोजमाप. नाकाच्या मुळाशी दोन भुवयांमधला खळगा, तिथून डोक्यावरून मागे कवटीच्या उंचवट्यापर्यंत. समजा ३६ सेंटिमीटर आले, तर १० टक्के म्हणजे ३.६ वर पहिली खूण, मग दर २० टक्क्यांनी, म्हणजे ७.२ ने पुढची. अठराव्या सेंटिमीटरला टाळूचा मध्य. तसंच या कानापासून त्या कानापर्यंत. डाव्या बाजूचे आकडे विषम, उजवीकडचे सम. म्हणूनच या पद्धतीचं नाव टेन-ट्वेंटी, ती मॉन्ट्रिअलच्या हर्बर्ट जॅस्परने १९५८ मध्ये मांडली. खूण केली की तिथली त्वचा खरबरीत जेलने हलकी घासायची, पेस्ट भरून कप बसवायचा आणि इम्पीडन्स बघायचा. पाच किलोओहमच्या खाली आला तर पुढे जायचं, नाहीतर पुन्हा घासायचं. ताईंचे हात हे सगळं करताना एकीकडे घाबरलेल्या पोराशी शाळेच्या गप्पा चालू असतात, कारण घाबरलेलं पोर जबडा आवळतं आणि जबडा आवळला की कचरा. मग सांगायचं, डोळे मिट, आता उघड, आता तीन मिनिटं खोल श्वास घे. काय केलं ते त्याच क्षणी नोंदवायचं, नाहीतर नंतर डॉक्टरांना त्या उंचवट्याचा अर्थ कसा कळणार?

बर्गरकडे यातलं काहीच नव्हतं. ना टेप, ना टेन-ट्वेंटी, ना ताई. आणि मुख्य म्हणजे खरा ईईजी कसा दिसतो हे जगात कोणालाच माहीत नव्हतं. आम्हाला पुस्तकातलं चित्र शेजारी ठेवून जुळवता येतं. त्याने जुळवायचं कशाशी?

म्हणून तो एकेक संशय घेऊन बसला. ही रेघ हृदयाची तर नाही? मग हृदयाचा ईसीजी त्याच कागदावर सोबत काढून दोन्ही ताडून बघितले. मेंदूतल्या रक्तवाहिन्यांच्या ठोक्यांची? श्वासाची? टाळूच्या कातडीची? स्नायूंची, डोळ्यांच्या हालचालीची? प्रत्येकाला वेगळं करून तपासलं. इलेक्ट्रोड बदलून पाहिले. आधी जस्ताचा मुलामा दिलेल्या सुया भूल देऊन कातडीखाली घालायचा, पुढे क्लोराइड केलेली चांदी वापरली. आज आपण सिल्व्हर-सिल्व्हर क्लोराइड इलेक्ट्रोड पाठ करतो, त्यामागे इतक्या लोकांच्या डोक्यात टोचलेल्या सुया आहेत! यंत्रही बदललं. आधी एडेलमानचा स्ट्रिंग गॅल्व्हानोमीटर होता, मग १९२६ मध्ये सीमेन्सचा डबल कॉइल गॅल्व्हानोमीटर मिळाला आणि रेघा बऱ्याच स्पष्ट झाल्या. आरशावरून परावर्तित झालेला प्रकाशाचा ठिपका सरकत्या फोटोग्राफिक कागदावर पडायचा, आणि खाली दर दशांश सेकंदाची खूण. कागद धुऊन होईपर्यंत काय मिळालं ते कळायचं नाही.

कवटीत भोक असलेले रुग्ण झाले, मग अख्खी कवटी असलेली माणसं. त्यात मुलगा क्लाउस हा त्याचा सगळ्यात हुकमी सब्जेक्ट. त्याच्या डझनावारी नोंदी आहेत. बर्गरने स्वतःच्या डोक्याच्याही घेतल्या. मुलगी इल्झे हिला तोंडी गणित घालून तो बघायचा की हिशेब करताना दहाची लहर कमी होते का. (आपल्याला व्हायवात कोणी इलेक्ट्रोड लावत नाही हे नशीब.) त्याची बायको उर्सुला ही लग्नाआधी क्लिनिकमध्येच टेक्निकल असिस्टंट होती, म्हणजे घरात या सगळ्याचं नवल नसावं.

त्याच्या डायऱ्या उपलब्ध आहेत. त्यांत आज खात्री, उद्या निराशा असं वर्षानुवर्षं चाललंय. शेवटी १९२९ मध्ये त्याने माणसाच्या इलेक्ट्रेनकेफालोग्रामवर पहिला पेपर छापला. ईईजी हे नाव त्याचंच, अल्फा आणि बीटा ही लहरींची नावंही त्याचीच. १९३८ पर्यंत याच मालिकेत त्याने एकूण १४ पेपर लिहिले.

आणि लोकांनी काय केलं? काहीच नाही. शरीरशास्त्रज्ञांना वाटलं, एवढ्या मोठ्या, गुंतागुंतीच्या मेंदूतून इतकी साधी, एकसुरी लहर कशी येईल? नक्की आर्टिफॅक्ट! ज्या संशयावर त्याने पाच वर्षं घालवली तोच संशय घेऊन जगाने आणखी पाच वर्षं घालवली.

१९३४ मध्ये केंब्रिजचे एडगर एड्रियन आणि ब्रायन मॅथ्यूज यांनी तो प्रयोग पुन्हा केला. एड्रियनला १९३२ मध्येच नोबेल मिळालं होतं. त्याचाही सुरुवातीला विश्वास नव्हता. फिजिऑलॉजिकल सोसायटीसमोर प्रात्यक्षिक दाखवताना तो स्वतःच इलेक्ट्रोड लावून बसला आणि जोडीला एक पाणकिडा. किड्याच्या डोळ्यावर उजेड पडला की त्याची लहर थांबायची, एड्रियनने डोळे उघडले की त्याची. एड्रियन आणि मॅथ्यूज यांनी आपल्या पेपरमध्ये या लहरीला बर्गर रिदम असं नाव दिलं. मग मात्र दारं उघडली. १९३५ मध्ये बॉस्टनमध्ये फ्रेडरिक गिब्ज, हॅलोवेल डेव्हिस आणि विल्यम लेनॉक्स यांनी अपस्माराच्या एका प्रकारात सेकंदाला तीन वेळा येणारा टोकदार नमुना दाखवला. १९३६ मध्ये इंग्लंडमध्ये ग्रे वॉल्टरने मंद लहरींवरून मेंदूतल्या गाठीची जागा सांगितली. १९३७ मध्ये पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय मानसशास्त्र परिषदेत बर्गरचा मोठा मान झाला.

इथे थांबले असते तर लेख छान झाला असता. कॉन्व्हेंटमध्ये आम्हाला मॉरल सायन्स होतं, त्यात शास्त्रज्ञांच्या गोष्टी ठरलेल्या असायच्या. आधी एकटेपणा, मग लोक हसतात, मग यश. बर्गरची गोष्ट बरीच वर्षं तशीच सांगितली जात होती आणि शेवट असा, की नाझींना तो आवडत नव्हता म्हणून त्यांनी त्याला १९३८ मध्ये काढलं आणि त्या दुःखात तो गेला. मीही आधी हेच वाचलं आणि खरं सांगते, मला ते हवंही होतं.

गेल्या काही वर्षांत इतिहासकारांनी येनाची जुनी कागदपत्रं तपासली आणि चित्र वेगळं निघालं. १९३८ मध्ये बर्गर पासष्ट वर्षांचा होता, म्हणजे निवृत्तीच्या वयाचा. एसएस या हिटलरच्या संघटनेचा तो वर्गणी देणारा सहायक सभासद होता. आणि आनुवंशिक आरोग्य न्यायालय म्हणून जी यंत्रणा होती, तिच्या येनामधल्या वरच्या कोर्टात तो बसत होता. १ जानेवारी १९३४ पासून जर्मनीत एक कायदा लागू झाला. त्यानुसार ठरावीक आजार असलेल्या माणसांची सक्तीने नसबंदी करायची. एक न्यायाधीश आणि दोन डॉक्टर निर्णय द्यायचे, आणि त्याविरुद्ध अपील या वरच्या कोर्टात. एकूण सुमारे चार लाख माणसांची अशी नसबंदी झाली असं मानतात. १९४१ मध्ये पुन्हा काम करायला बोलावणं आलं, तेव्हाही बर्गर तयार होता.

त्या कायद्यातल्या आजारांच्या यादीत आनुवंशिक अपस्मारही होता.

मला यावर दोन-तीन दिवस काही लिहिता आलं नाही. रूममेटशी वाद झाला. ती म्हणाली, तेव्हा सगळेच तसे होते, त्याचा शोध बघ. मला ते पटत नाही. सगळे तसे नव्हते, काही डॉक्टर देश सोडून गेले, काहींनी गप्प राहून का होईना अंग काढून घेतलं. आणि हा तर संशय घेण्यात तरबेज माणूस. स्वतःच्या मुलाच्या डोक्यातून आलेल्या रेघेवर त्याने पाच वर्षं विश्वास ठेवला नाही. हा आजार आनुवंशिक आहे, या माणसाला मूल होऊ द्यायचं नाही, एवढा मोठा निष्कर्ष समोर आला तेव्हा पुरावा कुठला तपासला? हृदय वेगळं काढलं, स्नायू वेगळे काढले, तसं इथे काय वेगळं काढलं? तोच माणूस, तेच येना, संध्याकाळी तीच लॅब. नाझी पार्टीचं सभासदत्वही नव्हतं, म्हणजे कट्टर म्हणूनही सोडून देता येत नाही.

शेवटची वर्षं बर्गर नैराश्याने आजारी होता. १९४० मध्ये त्याने मनाबद्दल एक छोटं पुस्तक लिहिलं आणि त्यात घोडा, तोफगाडा आणि बहिणीच्या तारेची गोष्ट पुन्हा सांगितली. टेलिपथी त्याच्या हजारो रेघांपैकी एकीतही सापडली नव्हती. १ जून १९४१ ला येनामध्ये त्याने आत्महत्या केली. क्लिनिकच्या प्रमुखपदी तेव्हा बर्टहोल्ड किन आला होता, जो मानसिक रुग्णांना ठार मारण्याच्या नाझी मोहिमेत सामील होता.

आम्ही बसलो त्या चार दिवसांत ईईजी रूममध्ये आलेले बहुतेक पेशंट फिट येते म्हणूनच आले होते. एका शाळकरी मुलीच्या आईने दारातच ताईंना विचारलं, शॉक देणार का हिला? ताई म्हणाल्या, नाही हो, आम्ही देत काहीच नाही, फक्त घेतो. त्या मुलीला फिट आली की शेजारी कांदा आणि चप्पल घेऊन धावायचे म्हणे. ताईंनी तिचे केस भांगात वेगळे केले, टेप लावला, पेन्सिलने खुणा केल्या. वीस मिनिटांनी स्क्रीनवर डोळे मिटल्यावर दहाची लहर आली, उघडल्यावर गेली. खोल श्वास घ्यायला लावल्यावर दुसऱ्या मिनिटाला सेकंदाला तीनचा तो टोकदार नमुना आला, अगदी पुस्तकातल्यासारखा. मुलगी काही सेकंद नुसती बघत राहिली, मग परत श्वास घ्यायला लागली. ताईंनी वेळ टाकून नोंद केली, आधी ईसीजीचा चॅनल बघितला, मग डोळ्यांचा, मग इलेक्ट्रोडचा इम्पीडन्स पुन्हा तपासला, आणि मगच डॉक्टरांना बोलवायला उठल्या.